आंबोण

एकतीस वर्षं मी परीक्षानळ्या धुतल्या.
दुसऱ्यांच्या प्रयोगांचा तळाशी बसलेला गाळ
ब्रशनं खरवडला,
घंटा झाली की प्रयोगशाळेला कुलूप.
आता अंबडच्या शिवारात
सखाहरी लिंबोरेच्या शेततळ्याच्या कडेला
हा निळा ड्रम माझा आहे.

ड्रमात स्टँडवरच्या रसवाल्याची मोसंबीची सालं,
बियांसकट, तीन पोती.
डाळमिलच्या झाडलोटीतली तुरीची चुनी.
कारखान्याची मळी, काळी, जिची धार
हात दुखला तरी तुटत नाही.
चिमूटभर युरिया.
आणि हमीदाबीच्या बेकरीतलं मूठभर खमीर,
शिळ्या पेपराच्या पुडीत.

पहिला ड्रम नासला.
झाकण काढलं तर शिरक्याचा वास,
वर पांढरट साय
आणि माश्या.
मासे दूरच, आधी माश्याच आल्या.
सखाहरी नाक धरून म्हणाला,
"गुरुजी, ह्याला तर म्हसरंबी तोंड लावायची न्हाईत."
गुरुजी म्हणतो मला.
मी दुरुस्त करत नाही.

हमीदाबी रिक्षातून उतरली,
बाही कोपरापर्यंत सारली, बोट बुडवून हुंगलं.
"गरमागरम असतानाच टाकलं ना? मारलं की हो त्याला.
तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी असतं, तेवढंच पाहिजे.
अन् वरून झाकण!
तुमचं तोंड दाबलं तर तुम्ही काय करताल?"
पुस्तकात ह्यावर दोन पानं होती, आकृतीसकट.
मी ती कितीदा फळ्यावरून पुसलीत.

दुसऱ्या खेपेला हवेचा पंप आणला,
काचेच्या पेटीतल्या शोभेच्या माशांचा, छोटा.
वीज शेतीची, म्हणजे रात्रीची.
दिवसा मी फळकुटानं ढवळायचो,
रात्री ड्रमाजवळ बाज टाकून पडायचो
आणि ऐकायचो:
बुडबुडा फुटतो तेव्हा
कुणीतरी ओठावरून ओठ काढल्यासारखा आवाज होतो.
दुसऱ्या पहाटे फेस काठाला लागला होता.
वास पावाचा.
अंगावर शहारा आला,
थंडी नव्हती.

पत्र्यावर वाळवलं, कुटलं, पेंडीत मळलं, वाफवलं.
पार्बतानं कुरडयांचा सोऱ्या दिला,
परत घेईना. "ठिवा तुमच्या माशाला," म्हणाली.

आधीच्या खाद्याच्या पोत्यात समुद्र असायचा,
बारकी मासळी, वाळवून दळलेली,
ट्रकमधून घाट चढून आलेली
इथल्या रोहूच्या पोटात जायला.
त्या रोहूनं समुद्र पाहिला नाही.
मीही नाही.
सखाहरीचा आजा गोदावरीत जाळं टाकायचा,
मासा पाण्यातूनच येतो एवढंच त्याला माहीत.
तो डाळमिलच्या कचऱ्यातूनही येतो
हे कुठल्या तोंडानं सांगावं त्याला?

गाय व्याली की आंबोण देतात.
माशाला कधी कुणी दिलं नव्हतं,
म्हणून त्यानंही पहिले चार दिवस घेतलं नाही.
दाणे तरंगले, फुगले, बुडाले.
पाचव्या संध्याकाळी एका कटल्यानं
वर येऊन तोंड उघडलं,
एक दाणा आत ओढला, थुंकला,
आणि परत घेतला.
सखाहरी काही बोलला नाही, फक्त चप्पल काढली.

दीड महिन्यानं वीस मासे ताजव्यात घातले.
पोत्यावर वाढलेल्यांपेक्षा नऊ ग्रॅम कमी भरले, सरासरी.
खर्च निम्म्याहून थोडा खाली.
वहीत मी लिहिलं साहित्य,
लिहिली कृती,
निरीक्षण लिहिताना पेन संपलं, सखाहरीच्या पोराचं घेतलं.
अनुमानाची ओळ कोरी आहे.
ते नेहमी सर लिहायचे.

हमीदाबीनं निरोप धाडलाय,
मासा विकाल तेव्हा एक इकडं पाठवा,
माझंच पोरगं आहे ते.